पावसाळ्याची वही: पहिली लांब ट्रायथलॉन कोणती, याचं रत्नागिरीतलं एक प्रकरण

डिसेंबर २०२४ मधला रविवार. भाट्याच्या किनाऱ्यावर पोहणं आटोपून आम्ही सुरूच्या बनाशी कपडे वाळवत उभे होतो. मी ज्यांचा ट्रायथलॉनचा सराव घेतो त्या बाईंनी थर्मासमधला चहा ओतता ओतता विचारलं, "दादा, पुण्याचा आमचा ग्रुप लंकावीला नाव घालतोय. बुधवारपर्यंत पैसे भरायचेत. भरू का?"

लंकावी म्हणजे मलेशियातली पूर्ण अंतराची आयर्नमन. समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल मारायची आणि मग ४२.२ किलोमीटर धावायचं, सगळं एकाच दिवशी. बाईंनी तोपर्यंत केलेली सर्वांत मोठी स्पर्धा ऑलिम्पिक अंतराची होती: दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धाव. दोन्हींमधलं अंतर त्यांना ठाऊक होतं. पण ग्रुपमधले सहा जण एकत्र जाणार होते, हॉटेल स्वस्तात मिळत होतं, मलेशियाला भारतीयांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता आणि पाणी आपल्यासारखंच कोमट. एवढी कारणं एकदम समोर आली की माणूस हो म्हणून मोकळा होतो.

मी "भरा" म्हटलं नाही आणि "नको"ही म्हटलं नाही. बुधवार जाऊ द्या, मला एक महिना द्या, एवढंच मागितलं. त्या महिन्यात आम्ही काय मोजलं, कशावरून ठरवलं आणि त्यानंतर पावसाळ्यात काय घडलं, त्याची ही नोंद. बाईंच्या परवानगीने लिहितोय, नाव मात्र घालत नाही. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं, मीही तेच म्हणतो.

बाई

वय ४६. हायस्कूलमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवतात. शाळा साडेदहा ते साडेपाच, शनिवारी सकाळची. घरी सासूबाई, यजमान आणि अकरावीतला मुलगा. माहेर मिरजेचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं फार काम आहे. लहानपणी पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकल्या. समुद्राची भीती लग्नानंतर पुष्कळ वर्षं होती, ती माझ्याकडे यायला लागल्यावर गेली. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होतात, तिथे त्या दोनदा उतरल्या आहेत. सायकल सेकंडहँड रोड बाईक. पंक्चर स्वतः काढतात, चेन स्वतः धुतात. आठवड्याला सरावासाठी त्यांच्याकडे नऊ तास निघतात. ओढूनताणून दहा. तो आकडा आम्ही घरातल्या सगळ्यांना बसवून काढला होता. एकट्या खेळाडूने सांगितलेला आकडा मी धरत नाही, कारण तो नेहमी दोन-तीन तासांनी फुगलेला असतो.

माझी आधीची चूक

बाईंना मी महिनाभर का थांबवलं, त्यामागे एक सल आहे. तो सांगितल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही.

२०२३ साली मिरकरवाड्यातल्या एका पोराला मी गोव्याच्या अर्ध्या आयर्नमनला घातलं: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धाव. मच्छीमाराचं पोर, पाण्यात माशासारखं. मी विचार असा केला की समुद्र हेच याचं घर, तलावातली स्पर्धा याला कशाला? स्पर्धा ८ ऑक्टोबरला होती. १.९ किलोमीटर पोहून तो ३४ मिनिटांत बाहेर आला, भल्याभल्यांच्या पुढे. त्यानंतर सायकलच्या दुसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे आले. चढावर उतरून ढकलत न्यावी लागली. सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपवावी लागते. हा आला ५ तास ४१ मिनिटांनी. त्याला धावू दिलं नाही, नियम तसाच आहे.

चूक त्याची नव्हती. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. त्या दोन महिन्यांत तो मोकळा होता, पण तेव्हा रस्त्यावरून पाणी वाहत होतं. १ ऑगस्टला बोटी सुटल्या आणि तो समुद्रावर गेला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ६० किलोमीटरच्या वर सायकल त्याने फक्त चार वेळा मारली होती. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी मी स्पर्धा निवडली ती त्याच्या पोहण्यावरून, म्हणजे ज्या गोष्टीची त्याला काळजीच नव्हती तिच्यावरून. ट्रायथलॉनमध्ये पोहण्याचा वाटा वेळेच्या हिशेबाने सगळ्यांत लहान. निम्म्याच्या आसपास वेळ सायकलवर जातो. पोहण्यातली हुशारी फार तर पंधरा मिनिटं वाचवते, सायकलचा कच्चेपणा पाऊण तास खातो.

म्हणून बाईंच्या वेळी मी दोनच प्रश्न धरले. त्यांचा कुठला भाग कटऑफला, म्हणजे तो संपवायच्या मुदतीला, सगळ्यांत जवळ जातो? आणि स्पर्धेच्या आधीचे सोळा आठवडे वर्षाच्या कुठल्या भागात पडतात? बाकी सगळं, म्हणजे मार्ग किती देखणा, मेडल कसलं, बरोबर कोण, ते नंतर.

मोजमाप

जानेवारीत तीन रविवार घेतले. पहिल्या रविवारी भाट्याला १.९ किलोमीटर पोहणं, ओहोटी संपून पाणी स्थिर झाल्यावर. उधाणाचे दिवस मुद्दाम टाळले, कारण ओढीबरोबर पोहलेल्या वेळेला काही अर्थ नसतो. वेळ लागला ४९ मिनिटं. कटऑफ एक तास दहा मिनिटांचा. इथे काळजी नाही.

दुसऱ्या रविवारी सायकल. रत्नागिरीतून शिरगाव, आरे-वारे, गणपतीपुळे करत जयगड आणि त्याच वाटेने परत, सुमारे ९० किलोमीटर. हा रस्ता ज्यांनी मारला आहे त्यांना माहीत आहे की त्यात सपाट असं काही नाही. खाडी ओलांडली की चढ, चढ संपला की जांभ्याच्या सड्यावरचं ऊन, मग पुन्हा खाडीपर्यंत उतार. बाईंना ४ तास २० मिनिटं लागली. ताशी २१ किलोमीटरसुद्धा पडले नाहीत. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. "माझ्याच्याने होणार नाही बहुतेक," म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारी नुसती धाव, २१ किलोमीटर, पावणेतीन तास. सायकलनंतर धावताना पाय जड होतात, म्हणून मी त्यात पंधरा मिनिटं घालून तीन तास धरले. पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावेवर येताना कपडे-बूट बदलण्यात चौदा मिनिटं. एकूण बेरीज ८ तास २३ मिनिटं. अर्ध्या आयर्नमनला मुदत असते साडेआठ तास. म्हणजे शिल्लक सात मिनिटं. एक पंक्चर झालं की सगळं गेलं.

इथे आम्ही थांबलो असतो तर निर्णय चुकला असता. बाईंचा वेग खरोखर कमी आहे की आरे-वारेचे चढ तो खातात, हे वेगळं काढायला हवं होतं. कोकणात सपाट ९० किलोमीटर आणायचे कुठून? तेव्हा माहेर आठवलं. संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी बाई एस.टी.ने मिरजेला गेल्या, सायकल टपावर. रविवारी पहाटे भाऊ मोटारसायकलवर पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे आणि बाई पंढरपूरच्या रस्त्याने कवठेमहांकाळच्या दिशेने. ९० किलोमीटर, ३ तास ३१ मिनिटं. ताशी साडेपंचवीस.

त्याच बाई, तीच सायकल. फरक पाऊण तासाहून जास्त. त्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज मला अजून आठवतो. कोकणातल्या सायकलवाल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. आपण रोज चढावर मारतो, घड्याळ बघतो आणि स्वतःला मंद ठरवतो. आपल्या रस्त्यावरचा सरासरी वेग हा आपला वेग नव्हे.

समोर असलेल्या स्पर्धा

लंकावी सगळ्यांत आधी बाद झाली. तिथला सायकलचा रस्ता चढउताराचा. जयगडचाच वेग, दुप्पट अंतरामुळे थोडा आणखी उतरवून, ताशी साडेएकोणीस धरला तर १८० किलोमीटरला सव्वानऊ तास होतात. त्याआधी पोहण्याला पावणेदोन तास. पूर्ण आयर्नमनमध्ये सायकल सर्वसाधारणपणे सुरुवातीपासून साडेदहा तासांत संपवायची असते. बाई अकरा तासांनी पोचल्या असत्या. सव्वादोन लाख खर्चून मिरकरवाड्याच्या पोरासारखंच उभं राहावं लागलं असतं, मॅरेथॉनच्या दारात. शिवाय ती स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराची. पूर्ण अंतराला आठवड्याला बारा-पंधरा तास लागतात, तेही जून ते सप्टेंबर. बाईंकडे नऊ.

बाई विज्ञानाच्या. त्यांनी विचारलं, "दादा, पण ३.८, १८०, ४२ हीच अंतरं का? शरीराचा काही हिशेब आहे का त्यात?" तसा हिशेब नाही. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या स्पर्धा होत्या: वाइकिकीची समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाभोवतीची सायकल आणि होनोलुलू मॅरेथॉन. त्या एकापुढे एक जोडल्या, सायकलचं अंतर थोडं कमी केलं आणि पहिली आयर्नमन झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. म्हणजे पूर्ण अंतर हे 'खरं' आणि अर्धं हे 'कच्चं' असं काही नाही. पहिल्यांदा लांब उतरणाऱ्याला ११३ किलोमीटर लांबच आहेत. हे ऐकून बाईंच्या मनावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. ग्रुपमध्ये 'हाफ' हा शब्द जरा खालच्या पट्टीत म्हटला जातो, त्याचं ते ओझं होतं.

जर्मनीतल्या हॅम्बुर्गवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला, कारण तो मुद्दा बाईंनीच काढला आणि तो पक्का होता. तिथली पूर्ण आयर्नमन जूनच्या सुरुवातीला असते. म्हणजे सरावाचे महिने नोव्हेंबर ते मे. रस्ते कोरडे, समुद्र शांत, आणि शेवटचा महिना मे, शाळेला सुट्टी. सायकलचा मार्ग सपाट. कोकणातल्या शिक्षकासाठी पंचांग बघून काढल्यासारखी तारीख! ही बाजू मी अजूनही खोडत नाही. अडचणी वेगळ्या निघाल्या. मार्चमध्ये शिमगा, त्याच सुमाराला दहावीचे पेपर तपासणं, आणि नेमक्या त्या महिन्यात आठवड्याला तेरा तास हवेत. दुसरी अडचण थंड पाण्याची. ते शहरातल्या तळ्यातलं पाणी, जूनच्या सुरुवातीला आपल्या अंगाला गारठवणारं. २४.५ अंशांपर्यंत वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घालून पोहता येतं आणि त्याने अंग तरंगतंही. पण २८ अंशांच्या समुद्रात वाढलेल्या माणसाचा थंड पाण्यात उतरताना पहिल्या मिनिटात श्वास अडकतो. तो सराव करायला कोकणात जागा नाही. खर्च चार लाखांच्या घरात. आणि वेळेचा हिशेब सपाट रस्ता धरूनही पंधरा तास चाळीस मिनिटांवर जात होता. पूर्ण अंतराची मुदत कुठे सतरा तास, कुठे सोळा, जर्मनीतल्याच रोटच्या स्पर्धेत तर पंधरा. आम्ही हॅम्बुर्ग वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. दोन वर्षांनी बघू.

कोल्हापूरची ११३ किलोमीटरची बर्गमन ही अर्ध्या अंतराचीच, पोहणं राजाराम तलावात. घाट चढून गेलं की झालं. ज्याला लाटांची धास्ती आहे त्याला मी डोळे मिटून हीच सांगेन. बाईंना लाटांची धास्ती नव्हती.

राहिला गोवा. आणि गोव्याचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येत होता.

तारखेचा प्रश्न

गोव्याची अर्धी आयर्नमन मिरामारच्या किनाऱ्यावरून सुटते. समुद्र आपल्यासारखाच, वेटसूटचा प्रश्न येत नाही, सायकलच्या मार्गावर थोडेफार चढ आहेत पण जयगडसारखे सलग नाहीत. बाईंचा तिथला वेग मी मिरज आणि जयगड यांच्या मध्ये धरला, ताशी २३. त्या हिशेबाने सायकल ३ तास ५५ मिनिटं. पोहणं आणि बदल धरून त्या ४ तास ५३ मिनिटांनी सायकलवरून उतरणार, म्हणजे कटऑफच्या ३७ मिनिटं आधी. शेवट ७ तास ५८ मिनिटांवर, ३२ मिनिटं शिल्लक. पहिल्या खेपेला मला निदान अर्धा तास हातात हवाच असतो, तेवढा होता.

पण हा हिशेब जानेवारीतल्या बाईंचा. स्पर्धेच्या दिवशी त्या जानेवारीतल्या राहणार का, हा खरा प्रश्न. तेव्हा बाईंनी एक वही पुढे केली. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांनी रोजचा सराव लिहून ठेवला होता: काय ठरवलं होतं आणि काय झालं. विज्ञानाच्या शिक्षिकेची सवय. १५ जून ते ३० सप्टेंबर, पंधरा आठवडे. धाव ४५ वेळा ठरली होती, ४१ वेळा झाली. पोहणं, तेही शहरातल्या तरण तलावात, ३० पैकी २४. लांब सायकल १५ पैकी ६.

या तीन आकड्यांनी माझं मत बदललं. मी समजत होतो की पावसाळ्यात आपला सगळाच सराव बुडतो. तसं नव्हतं. पावसात धावणं उलट चांगलं होतं, हवा गार असते आणि चिखलाचे रस्ते सोडले तर अडवणारं काही नसतं. पोहणं त्यांचं मुळातच पक्कं. भोक एकच, सायकलचं. आणि नेमका तोच त्यांचा कटऑफला जवळ जाणारा भाग. मिरकरवाड्याच्या पोराचं भोकही तेच होतं, फक्त त्याची वही कुणी ठेवली नव्हती.

आता तारखा मांडल्या. गोव्याची स्पर्धा २०१९ साली २० ऑक्टोबरला झाली. मधली दोन वर्षं करोनात गेली. २०२२ साली १३ नोव्हेंबर, २०२३ साली ८ ऑक्टोबर, २०२४ साली २७ ऑक्टोबर. आणि २०२५ ची तारीख ९ नोव्हेंबर. मुंबई-पुण्याच्या माणसाला यात फारसा फरक वाटणार नाही. आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो. ८ ऑक्टोबरची स्पर्धा म्हणजे एकही कोरडा आठवडा नाही. ९ नोव्हेंबरची स्पर्धा म्हणजे चार आठवडे कोरडे रस्ते, त्यातच दिवाळीची सुट्टी, आणि समुद्रही निवळलेला. ८ ऑक्टोबर असती तर मी बाईंना स्पष्ट सांगितलं असतं की यंदा नको, कोल्हापूर बघा किंवा थांबा. स्पर्धा तीच, समुद्र तोच, बाई त्याच, आणि तरी एका महिन्याने उत्तर उलटं झालं असतं. म्हणून कुणी मला नुसतं "गोवा पहिल्यांदा बरी का?" विचारलं तर मी आधी विचारतो, कुठल्या तारखेची?

तारीख अनुकूल होती, तरी जून ते सप्टेंबर सायकलचं भोक बुजवल्याशिवाय नाव घालायचं नाही, असं ठरलं. उपाय पुन्हा मिरज. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून मिरज-सांगलीकडे गेलं की त्याचा पाव हिस्सा, तोही नाही. आपण आकाशाकडे बघत बसतो आणि पावणेदोनशे किलोमीटरवर रस्ते कोरडे असतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी., संध्याकाळी माहेर, रविवारी पहाटे सायकल, रात्रीच्या गाडीने परत. पंधरा दिवसांतून एकदा. सायकल चार महिने भावाकडेच ठेवायची. घरी यजमानांची जुनी सायकल होम ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल मारायच्या स्टँडवर, चढवायची आणि मधल्या आठवड्यात त्यावर दीड-दोन तास.

हे सांगायला सोपं आहे. घरातली बाई पंधरा दिवसांनी एकदा रविवारी नसणार, याची बोलणी बाईंनी स्वतः केली, मी त्यात पडलो नाही. सासूबाईंनी एकच विचारलं म्हणे: "गणपतीत असशील ना?" २७ ऑगस्टला चतुर्थी होती. तो आठवडा आम्ही विश्रांतीचा धरला. चाकरमानी घरात असताना कुणी सराव करू शकतं, असं ज्याला वाटतं त्याने कोकणात गणपती पाहिलेला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निर्णय पक्का झाला: गोवा, अर्धं अंतर, ९ नोव्हेंबर २०२५. ग्रुपला बाईंनी कळवलं. दोघांनी समजावून बघितलं, एकाने चार दिवसांनी गुपचूप फोन करून विचारलं की ते ताशी वेगाचं गणित मलाही करून द्याल का.

त्यानंतर

नियोजनात पाऊस जूनच्या ७-८ तारखेला धरला होता. २०२५ ला तो २५ मेच्या सुमारालाच कोकणात उतरला. सुट्टीतले शेवटचे दोन आठवडे, ज्यांत जयगडच्या तीन फेऱ्या ठरल्या होत्या, वाहून गेले. जानेवारीत वही मांडलेली असल्यामुळे घबराट झाली नाही. बाई ठरल्यापेक्षा दोन आठवडे आधी मिरजेला गेल्या.

तिथे एक न ठरवलेला फायदा झाला. पावसाळ्यात देशावर पश्चिमेचा वारा जोरात वाहतो. कवठेमहांकाळकडे जाताना तो पाठीशी, परत येताना तोंडावर. शेवटचे ३५-४० किलोमीटर बाई मान खाली घालून ताशी वीसने झगडत यायच्या. चढ नव्हते ती उणीव वाऱ्याने भरून काढली. नऊ खेपा ठरल्या होत्या, सात झाल्या. एकदा आंबा घाटात दरड आली, एकदा शाळेचं काम निघालं. लांब सायकल, ट्रेनर धरून, पंधरापैकी तेरा वेळा झाली. आदल्या वर्षी सहा.

खाण्यापिण्याची चाचणी मी थोडी तपशिलाने सांगतो, कारण मिरामारला धाव सुरू होईपर्यंत दुपार होते. मे महिन्यात दीड तासाच्या धावेच्या आधी आणि नंतर वजन केलं: ५८.४ किलो, मग ५७. मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायल्या होत्या. म्हणजे घाम १.९ लिटर, तासाला सव्वा लिटरच्या वर. एवढं पाणी धावताना पोटात राहत नाही. म्हणून सायकलवर तासाला पाऊण लिटर, थोडं थोडं, हा नेम केला. बाईंना बाजारातल्या एनर्जी जेलने मळमळतं. त्यांनी आमसुलाचं पाणी, त्यात वजन करून ५० ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ अशी बाटली बसवली आणि सातही खेपांना तीच वापरली. स्पर्धेच्या दिवशी नवं काही नाही.

१२ ऑक्टोबरला, पाऊस निघाल्यावर, भाट्याला रंगीत तालीम केली. पोहणं ४८ मिनिटं. लगेच सायकलवर जयगड आणि परत, ४ तास २ मिनिटं. जानेवारीत हाच रस्ता ४ तास २० मिनिटांचा होता, तोही ताज्या पायांनी. उतरल्यावर १० किलोमीटर धाव, एक तास अठरा मिनिटं. बाईंनी बेरीज वाळूवर काडीने लिहिली, माझ्याकडे बघितलं आणि पुसून टाकली. हे लिहितोय तेव्हा स्पर्धेला साडेतीन आठवडे आहेत.

त्या दिवशी पोहताना बाईंच्या बाजूने होडी वल्हवायला मिरकरवाड्याचा तो पोरगा आला होता. गेली दोन वर्षं तो माझ्याशी गोव्याबद्दल बोलला नव्हता आणि मीही विषय काढला नव्हता. बाई धावायला गेल्या तसा तो माझ्याजवळ येऊन बसला आणि खिशातून घडी घातलेली चाळीस पानी वही काढली. बाईंची बघून त्यानेही १ जूनपासून लिहायला घेतलं होतं. जून आणि जुलै भरलेले: घरातल्या घरात सायकल विटांवर टेकवून, मागचं चाक मोकळं फिरवत, रोज एक तास. १ ऑगस्टनंतरची पानं कोरी.

"दादा, बोटी सुटल्यावर माझ्याच्याने नाही होत," तो म्हणाला. "बंदीच्या दोन महिन्यांत बसेल असं काय असतं काय?"

मी त्याची पेन्सिल घेतली, वहीचं शेवटचं पान उलटलं आणि १ जूनपासून आठवडे मोजायला लागलो.